बिनसाखरेची कॉफी कुणाला गोड लागली?

जावा बेटावरचं एक आडगाव, पाठीला घनदाट जंगल. गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्याच्या घरात शहरातून आलेली कॉलेजची मुलं अंग चोरून बसली आहेत. म्हातारा पुढ्यात काळी कॉफी ठेवतो. साखर औषधालाही नाही. विद्या नावाची मुलगी घोट घेते आणि तिला ती कॉफी गोड लागते. सोबतच्यांना मात्र कडूजहर.

एवढंच दृश्य. किंकाळी नाही, दारामागून अंगावर येणारं काही नाही. मी तर रिमोट हातात घेतला होता, जरा पुढे ढकलावं म्हणून. शेजारी आई लसूण सोलत बसली होती. इंडोनेशिया नकाशात कुठे आहे ते तिला दाखवता येणार नाही. पण मान वर न करता ती म्हणाली, ‘लागिर झालंय पोरीला. दुसरंच कुणीतरी पितंय ते.’

मी रिमोट खाली ठेवला.

सिनेमाचं नाव ‘केकेएन दी देसा पेनारी’, म्हणजे ‘नर्तकींच्या गावातलं केकेएन’. इंडोनेशियात तो २०२२ साली लागला आणि पहिल्याच फेरीत ९२ लाखांवर लोकांनी तिकीट काढून पाहिला. तिथल्या प्रेक्षकांच्या बोलण्यात ही कॉफी हटकून येते. बाहेरच्या देशातला प्रेक्षक मात्र बऱ्याचदा विचारतो, की यात घाबरण्यासारखं होतं तरी काय? एकाच सिनेमावर इतकं टोकाचं मत का पडतं, हे समजून घ्यायचं तर भुताच्या आधी बाकीच्या गोष्टी कळायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे केकेएन. ‘कुलियाह केर्जा न्याता’ या शब्दांची ही आद्याक्षरं. पदवीच्या शेवटाकडे आलेल्या विद्यार्थ्यांनी गट करून एखाद्या खेड्यात जाऊन राहायचं, तिथे काहीतरी उपयोगाचं काम करायचं, त्याचे गुण मिळतात. आपल्या एनएसएसच्या शिबिराचा हा थोरला भाऊ म्हणा, फक्त शिबिर आठवड्यात आटपतं आणि हे महिना-दीड महिना चालतं. (हीच तीन अक्षरं इंडोनेशियात भ्रष्टाचार, संगनमत आणि वशिलेबाजी या तिघांसाठीही वापरतात. तिथले तेव्हाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्याविरुद्धच्या आंदोलनात ती घोषणा होती. त्यामुळे नुसतं ‘केकेएन’ म्हटलं की तिथे आधी कुणीतरी हसतंच.) शिकलेल्या घरात कुणी ना कुणी केकेएनला जाऊन आलेलं असतं. अनोळखी गाव, परसात लांबवर असलेली न्हाणी, रात्री गेलेली वीज, आणि ‘तिकडे जाऊ नका’ असं कारण न देता सांगणारा गावप्रमुख. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षक त्या घरात जाऊन राहिलेला असतो.

दुसरी गोष्ट, ही कथा सिनेमाच्या आधी लोकांनी फोनवर वाचली होती. २०१९ साली ‘सिंपलमॅन’ या टोपणनावाने कुणीतरी ट्विटरवर ती तुकड्यातुकड्यांनी लिहिली. आधी विद्या या मुलीच्या बाजूने, मग तीच हकिगत नूर या मैत्रिणीच्या बाजूने. पहिल्या खेपेला जिथे अंधार होता तिथे दुसऱ्या खेपेला दिवा लागतो, असा तो प्रकार. लेखकाने सांगितलं की घटना खरी आहे, पण गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. झालं. असं कुणी म्हटल्यावर लोक स्वस्थ बसतात होय? पूर्व जावातलं, ‘ब’वरून सुरू होणारं शहर, एवढ्या खुणेवर लोकांनी बान्युवांगी जिल्हा ठरवून टाकला. तिथलं रोवो बायू नावाचं तळं आणि भोवतालचं रान हेच ते ठिकाण, असा बोभाटा झाला आणि माणसं तिथे बघायला जाऊ लागली. सिनेमाचं चित्रीकरण मात्र योग्यकर्त्याजवळच्या गुनुंगकिदुल भागातलं, बान्युवांगीपासून खूप दूर.

म्हणून तिकडच्या प्रेक्षकांत सरळ दोन तट आहेत: वाचून आलेले आणि कोरे आलेले. वाचून आलेल्यांची तक्रार ठरलेली. ट्विटरवर वाचताना बदरावुही, म्हणजे नर्तकीच्या रूपातलं ते भूत, त्या जागेची मालकीण, प्रत्येकाने आपापल्या मनात उभी केली होती. पडद्यावर ती दिसायलाच लागते. आउल्या सारा या अभिनेत्रीने ती केली आहे आणि झकास केली आहे, नजर स्थिर ठेवून, ओठांच्या कोपऱ्यात जेमतेम हसू. पण तिच्यासोबत संगणकावर केलेले सापही येतात, आणि साप आले की माझी तरी भीती पळते. कोऱ्या प्रेक्षकांना हा त्रास नाही. ते आपले चांगले ओरडतात.

आकड्यांचंही जरा सांगते, कारण आपल्याकडे सिनेमा किती कोटींचा झाला ते मोजतात आणि तिकडे डोकी मोजतात. ‘पेनोन्तोन’ म्हणजे प्रेक्षक. दहा लाख झाले की पोस्टरवर ‘१० लाख प्रेक्षकांचे आभार’ असं झळकतं. याआधीचा विक्रम २०१६ सालच्या एका विनोदी सिनेमाचा होता, ६८ लाखांचा. एका भुताच्या सिनेमाने तो एवढ्या फरकाने मोडला, यात वेळेचाही हात होता. सिनेमा २०२० च्या मार्चमध्ये लागायचा होता, करोनाने अडवला. लागला तो ३० एप्रिल २०२२ ला, ईदच्या तोंडावर. ईदला गावी जाण्याची, ‘मुदिक’ची प्रथा दोन वर्षं बंदीत अडकली होती, ती त्याच वर्षी खुली झाली. म्हणजे गणपतीला कोकणात जायला दोन वर्षं मनाई असावी आणि तिसऱ्या वर्षी गाड्या सुटाव्यात, तसं. सगळं घर एकत्र, खिशात सणाचे पैसे, आणि समोर असा सिनेमा की ज्याची गोष्ट घरातल्या तरुण पोरांना आधीच पाठ. त्याच सुमारास लागलेला हॉलिवूडचा सुपरहिरोही त्यापुढे फिका पडला. वर्षाच्या शेवटी निर्मात्याने लांबवलेली आवृत्ती आणली, जावानीज भाषेत तिची ओळख ‘लुविह दोवो, लुविह मेदेनी’, जास्त लांब, जास्त भीतिदायक. तेव्हा एकूण आकडा एक कोटीपार गेला. निर्माते मनोज पंजाबी. आडनाव पंजाबी असलं तरी जकार्तात स्थायिक झालेल्या सिंधी घराण्यातले. इंडोनेशियाच्या सिनेमा-टीव्ही धंद्यात या कुटुंबांचं वजन मोठं आहे.

आता पुन्हा कॉफीकडे.

जावामध्ये अदृश्य शेजाऱ्यांना जो नैवेद्य ठेवतात त्याला ‘सेसाजेन’ म्हणतात. त्यात फुलं, उदबत्ती, कधी अंडं, कधी विडी, आणि बऱ्याचदा बिनसाखरेची काळी कॉफी असते. हे माहीत असलेल्या माणसाला म्हाताऱ्याने ती कॉफी का दिली ते क्षणात कळतं. तो पाहुणचार करत नाहीये, तपासतोय. ज्याच्यासाठी ती कॉफी असते त्याला ती गोड लागणार. विद्या ‘गोड’ म्हणाली आणि तिचा निकाल लागला. डॉक्टरने रिपोर्ट वाचून चष्मा काढून ठेवावा, तसला तो क्षण. ज्याला सेसाजेन माहीत नाही त्याच्यासाठी मात्र ते नुसतं कॉफी पिण्याचं दृश्य.

तीच गत ‘पेर्मिसी’ची. मोठ्या झाडाखालून, ओढ्यावरून, अनोळखी रानातून जाताना जावातली माणसं हळूच ‘पेर्मिसी’ म्हणतात. अर्थ ‘जरा येऊ द्या’ एवढाच. कुणाच्या दारात उभं राहून हाक मारायची तर जावानीजमध्ये ‘कुलोनुवुन’. दोन्हींत भाव तोच, की ही जागा माझी नाही, मालक वेगळा आहे. तळकोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तिथे नव्या जागेत कुदळ पडत नाही.

त्यामुळे या सिनेमावरची इंडोनेशियन मतं वाचली-ऐकली की एक गंमत लक्षात येते. राग भुतावर फार नसतो. राग असतो त्या सहा मुलांतल्या दोघांवर. सांगितलं होतं ना, त्या वेशीपलीकडे जाऊ नका? मग गेलात कशाला, आणि जाऊन जे केलंत ते त्या जागेत करायचं असतं का? बदरावुही बिचारी आपल्या घरी होती! आपल्याला जो भयपट वाटतो तो तिथल्या कित्येक घरांत पाहुण्यांच्या बेशिस्तीची गोष्ट म्हणून पाहिला जातो. मला स्वतःला हा भाग थोडा खटकतो. जागेचा मान राखा, इथपर्यंत ठीक. पण गोष्ट शेवटी तरुण मुलामुलीच्या शरीरसंबंधाला जिवाची शिक्षा देऊन मोकळी होते, आणि मोहात पाडणारी पुन्हा बाईच. यावर तिकडेही बोललं गेलं. अर्थात ईदच्या गर्दीत हे कोण ऐकणार.

भुतांची ओळख करून द्यायची तर पान पुरणार नाही, पण दोघांना वगळून चालणार नाही. ‘कुंतिलानाक’ ही गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई: पांढरं वस्त्र, लांब केस, चाफ्याचा वास. तिचं हसणं मोठ्याने ऐकू आलं तर ती लांब आहे, बारीक आलं तर जवळ, असं म्हणतात. हा उलटा हिशेब ज्याने शोधला त्याला दाद द्यायला हवी. तिचं मलय नाव ‘पोन्तिआनाक’, आणि त्याच नावाचं शहर पश्चिम कालिमंतानमध्ये आहे, ते वसवताना भुतं हाकलायला तोफा डागल्याची कथा सांगतात. दुसरा ‘पोचोंग’. मुस्लिम दफनविधीत मृतदेह कफनात गुंडाळून गाठी मारतात आणि कबरीत ठेवल्यावर त्या सोडतात. सोडायच्या राहिल्या तर तो उठतो. पाय बांधलेले, म्हणून चालू शकत नाही, उड्या मारत येतो. लिहिताना हसू येतं. पण ज्याने आपल्या माणसाचं कफन बांधलेलं पाहिलंय, त्याच्या मनात ‘गाठी सोडल्या होत्या ना?’ हा प्रश्न कुठेतरी असतो, आणि पोचोंग तिथूनच येतो. २०२० च्या एप्रिलमध्ये मध्य जावातल्या केपुह गावात टाळेबंदी पाळली जावी म्हणून स्वयंसेवकांना पोचोंग बनवून रात्री रस्त्यावर बसवलं होतं. सुरुवातीला परिणाम उलटाच झाला. भूत बघायला लोक घराबाहेर पडले.

भाषेतही हे थर दिसतात. जावानीजमध्ये राक्षसाला ‘बुतो’ म्हणतात, तो आपला ‘भूत’. जादूटोण्याला ‘गुना-गुना’, तो संस्कृतातला ‘गुण’. सैतान आणि जिन अरबीतून आले. सिनेमाच्या नावातला ‘देसा’ म्हणजे खेडं, तो आपला ‘देश’. एका भीतीत एवढे पाहुणे येऊन राहिलेत. वारसुद्धा बघा. जावाच्या जुन्या पंचांगात पाच दिवसांचा आठवडा आहे, तो सात दिवसांच्या आठवड्याशी गुंफला की दर ३५ दिवसांनी शुक्रवार आणि त्या पाचांतला ‘क्लिवोन’ एकत्र येतात. ती रात्र वाईट. पण दिवस सूर्यास्ताला सुरू होतो असं धरतात, म्हणून ‘शुक्रवारची रात्र’ म्हणजे आपली गुरुवारची. पात्राने नुसतं ‘आज मालाम जुमात क्लिवोन’ म्हटलं की थिएटरात कुजबुज सुरू. आपल्याकडे ‘आज अमावास्या’ म्हटल्यावर आजी उंबऱ्याकडे बघते, तसं.

खरा वाद मात्र धर्मावरून होतो आणि तो जुना आहे. सुहार्तो यांच्या राजवटीतल्या भयपटांचा शेवट ठरलेला असायचा. सुझाना ही त्या काळची भुतांची महाराणी, पाठीला भोक असलेली ‘सुंदेल बोलोंग’ तिने अजरामर केली. तीनेक रिळं ती गावाला सळो की पळो करायची आणि शेवटी कियाई, म्हणजे मुस्लिम धर्मगुरू, येऊन कुराणातल्या आयती म्हणायचा, भूत खलास. १९८० सालचा ‘पेंगाब्दी सेतान’, म्हणजे ‘सैतानाचे सेवक’, याच वळणाचा. नमाज विसरलेल्या घरात मेलेली आई परत येते, आणि शेवटी धर्मच घर वाचवतो. २०१७ साली जोको अन्वर या दिग्दर्शकाने तोच सिनेमा नव्याने केला. आजारी आईच्या हातातली छोटी घंटा त्याने असली वापरलीय की नंतर आठवडाभर देवघरातली घंटा वाजली तरी दचकायला व्हावं. पण लोक चक्रावले ते दुसऱ्या कारणाने. यातला उस्ताद, म्हणजे धर्मशिक्षक, मरतो. जो वाचवायला यायचा तोच जातो. काहींना हा धर्माचा अपमान वाटला. काहींना हेच सर्वांत भयंकर वाटलं, कारण मग वाली कोण? ४२ लाख लोकांनी तो पाहिला आणि इंडोनेशियन भयपटाची आजची लाट तिथून उठली.

त्यानंतर निर्मात्यांना नमाजाची वेळ सापडली. नमाज पढणाऱ्याच्या मागे अदृश्य कुणीतरी येऊन उभं राहतं, यावर आख्खा सिनेमा निघाला, दुसरा संध्याकाळच्या नमाजाच्या वेळेवर. प्रेक्षकांचीच तक्रार सुरू झाली, की रात्री एकट्याने नमाज पढायची भीती बसलीय, हे काय चालवलंय? २०२४ च्या मार्चमध्ये ‘किब्लात’, म्हणजे नमाजाची दिशा, या नावाच्या सिनेमाचं पोस्टर आलं. पांढऱ्या वस्त्रातली बाई नमाजात वाकलेली आणि तिचं तोंड विचित्र वर वळलेलं. उलेमा परिषदेने आक्षेप घेतला, पोस्टर मागे घेतलं, नाव बदललं आणि सिनेमा ऑगस्टमध्ये ‘थागुत’ या नावाने लागला. आक्षेप भूत दाखवण्यावर नव्हता. भूत कुठे उभं केलं त्यावर होता. म्हणजे पुन्हा जागेचाच मान.

आणि कधीकधी प्रेक्षकांची प्रतिक्रिया थिएटराबाहेर जाते. चिरेबोन शहरात २०१६ साली झालेल्या एका खऱ्या खुनावर २०२४ च्या मे महिन्यात भयपट आला. मेलेल्या मुलीने मैत्रिणीच्या अंगात येऊन सगळं सांगितलं, ही त्यातली कल्पना. ५८ लाख लोकांनी पाहिला. मुलीवरचा अत्याचार दाखवण्यावरून टीका झाली, ती रास्तच होती. पण त्याहून मोठा गदारोळ उठला तो फरार आरोपींवरून: ते अजून मोकळे कसे? पोलिसांनी दोन आठवड्यांत एकाला पकडलं. जुलैत बांडुंगच्या न्यायालयाने ती कारवाईच बेकायदा ठरवली आणि तो सुटला. सिनेमातल्या भुताच्या साक्षीवर हळहळलेला देश दोन महिने प्रत्यक्षातल्या पुराव्यांवर भांडत होता.

तुम्ही यातला एखादा सिनेमा बघणार असाल तर सबटायटलकडे सावधपणे बघा. जिन, सेतान, आरवाह, हान्तु या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द लावलेला असतो. देव, पितर, मुंजा आणि हडळ यांना एकाच ओळीत ‘भूत’ म्हणण्यासारखं आहे ते. ‘केकेएन’मध्ये तर बरंचसं बोलणं जावानीज आहे, इतकं की जावाबाहेरच्या इंडोनेशियन माणसालाही खाली ओळी वाचाव्या लागतात. जावानीजमध्ये बरोबरीच्यांशी बोलायची भाषा निराळी आणि मोठ्यांशी बोलायची निराळी, शब्दच बदलतात. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतंय यावरून तिकडच्या बाईला कळतं, की ही मुलगी आत्ता समोरच्याला कोण समजते आहे. ते कुठल्याच सबटायटलात येत नाही.

आईने तर ते वाचलेही नव्हते. चष्मा आतल्या खोलीत राहिला होता.